तिसऱ्या दिवशी माणसं जनावरं होत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बर्फामुळे डोंगररस्त्यावर अडकलेली एक बस, आत नऊ माणसं, पुढचा-मागचा रस्ता बंद. कादंबरीची सात प्रकरणं लिहून झालीत. वाचणाऱ्या मित्रांचं म्हणणं असं की सगळी पात्रं एकसारखीच घाबरतात, आणि तिसऱ्या दिवशी बिस्किटांच्या पुड्यावरून होणारी मारामारी खोटी वाटते. तुम्ही विचारताय की भीती आणखी गडद कशी करायची, आणि जिवावर बेतलं की माणूस खरोखर जनावर होतो का.

गडद करू नका, एवढं पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मी अशा कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादित करते आणि त्यांत भीती कमी पडलीय असं क्वचितच दिसतं. अडचण वेगळीच असते. नऊच्या नऊ जण एकाच गोष्टीला भीत असतात, मरणाला. ती भीती सगळ्यांची सारखी, त्यामुळे तिच्यातून पात्र उभं राहत नाही. माणूस मरणाच्या अलीकडे आणखी कशाला भितो, तिथून पात्र सुरू होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, त्याकडे येतेच.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. भीतीत माणूस कसा वागेल हे बरंचसं परिस्थितीवर ठरतं. धोका मिनिटांचा आहे की आठवड्यांचा, माणसं एकमेकांना ओळखतात का, बाहेर पडायची वाट आहे की नाही, आणि असल्या प्रसंगाची कुणाला सवय आहे का. आगीच्या कथेतली भीती आणि निर्जन बेटावरची भीती यांचं काम वेगळं. तुमची बस मधली आहे: पहिले काही तास घाईचे, पुढे नुसती वाट पाहणं. म्हणून मी दोन्हींबद्दल लिहितेय. तुमच्या पात्रांची वयं आणि तब्येती मला माहीत नाहीत, तेवढा फरक तुम्ही करून घ्या.

तुमच्या पहिल्या प्रकरणात बर्फाचा कडा कोसळताच सगळे किंचाळतात. एखाद-दुसरा किंचाळेलही. बाकीचे बहुधा काहीच करणार नाहीत, आणि वाचकाला खरी धडकी तिथेच भरते. 1968 साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. माणसाला खोलीत बसवून फॉर्म भरायला दिला आणि भिंतीतल्या झडपेतून धूर सोडला. माणूस एकटा असताना 75 टक्के लोकांनी उठून कळवलं. धुराकडे लक्षच द्यायचं नाही असं आधी पढवून ठेवलेली दोन माणसं शेजारी बसवल्यावर कळवणाऱ्यांचं प्रमाण 10 टक्क्यांवर आलं. बाकीचे डोळे चोळत, खोकत, हाताने धूर सारत फॉर्म भरत राहिले. प्रत्येक जण दुसऱ्याचा चेहरा वाचत होता, आणि दुसऱ्याचा चेहरा शांत होता.

खऱ्या दुर्घटनांतही हेच दिसतं. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमधून बाहेर पडण्याआधी कित्येकांनी संगणक बंद केले, पिशव्या आवरल्या, फोन केले. 1977 साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं आदळली आणि 583 माणसं गेली. त्यातून वाचलेल्यांनी सांगितलं की धडकेत बचावलेले काही प्रवासीही पेटत्या विमानात आपापल्या जागेवर नुसते बसून होते. जगण्याच्या मानसशास्त्रावर काम करणारे ब्रिटिश संशोधक जॉन लीच याचं कारण असं देतात: ओळखीच्या प्रसंगाचं उत्तर डोक्यात तयार असतं, अनोळखी प्रसंगाचं नव्याने जुळवावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि भीतीत तो वेळ आणखी लांबतो. तोवर माणूस सवयीचं काहीतरी करत राहतो, नाहीतर थिजतो.

तेव्हा बर्फ कोसळल्यावर कुणी काय करावं? ड्रायव्हर उरलेल्या थांब्यांचा हिशेब करेल. मागच्या सीटवरचा माणूस सिनेमा थांबवून पुन्हा सुरू करेल. कुणीतरी विचारेल, "किती उशीर होईल?" तुमच्या कथेतली पहिली चाळीस मिनिटं याच उशिराच्या तक्रारीत जाऊ द्या. काय झालंय ते वाचकाला कळलेलं असतं, पात्रांना नाही. या फटीत जेवढा ताण मावतो तेवढा किंकाळ्यांत मावत नाही.

आता शरीर. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी 'लढा किंवा पळा' ही मांडणी केली आणि लेखकांनी ती जरा जास्तच मनावर घेतली. थिजणं हाही तितकाच मूळ प्रतिसाद आहे. शिवाय लढण्या-पळण्याची तयारी शरीर मोठ्या स्नायूंसाठी करतं, त्याची किंमत बोटं मोजतात. बारीक कामं जमत नाहीत. नजर अरुंद होते, कडेचं दिसत नाही. काही आवाज ऐकूच येत नाहीत. तुमच्या हस्तलिखितात मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं, काळजाचे ठोके चुकतात, पाचावर धारण बसते. हे वाक्प्रचार वाईट नाहीत. पण त्यांतून वाचकाला एवढंच कळतं की पात्र घाबरलंय, आणि ते त्याला आधीच ठाऊक आहे.

वेळ मंदावण्याचंही तसंच. तुम्ही दोनदा लिहिलंय की एकेक क्षण तासासारखा वाटला आणि नायकाला सगळं संथपणे, स्वच्छ दिसू लागलं. डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये लोकांना सुमारे 31 मीटरवरून खालच्या जाळीत पडू दिलं आणि मनगटावरच्या यंत्रात अतिवेगाने लुकलुकणारे आकडे वाचायला सांगितले. आपलं पडणं किती वेळ चाललं याचा अंदाज लोकांनी सरासरी 36 टक्क्यांनी वाढवून दिला, पण आकडे कुणालाच नेहमीपेक्षा चांगले वाचता आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी माणसाला जास्त दिसत नाही. आठवण दाट साठते, म्हणून मागाहून तो क्षण लांब भासतो. हे तुमच्या कामाचं आहे. प्रसंग घडताना तुटक लिहा, आणि चार पानांनंतर तोच प्रसंग आठवताना पात्राला सीटच्या कापडाची शिवणसुद्धा आठवू द्या.

तुमच्या निवृत्त शिक्षिकेचा परिच्छेद उदाहरणादाखल घेते. तुम्ही लिहिलंय: "बाईंच्या काळजात धस्स झालं. आपण इथून जिवंत सुटणार नाही या विचाराने त्यांचे हातपाय गळाले." त्याऐवजी असं काहीसं बघा:

"बाईंनी रक्तदाबाच्या गोळीची पट्टी काढली. अंगठ्याने दाबलं, पट्टी नुसतीच वाकली. पुन्हा दाबलं तेव्हा गोळी उडाली आणि सीटखाली गेली. पट्टीत आता तीन राहिल्या होत्या. बाई वाकल्या, मोबाइलच्या उजेडात चाचपडत राहिल्या. पलीकडच्या मुलाने विचारलं, 'काकू, काही पडलं का?' 'नाही रे, टिकली पडली,' बाई म्हणाल्या आणि उजेड बंद केला."

इथे भीती हा शब्द नाही. बोटं ऐकत नाहीत हे दिसलं, तीन गोळ्यांचा हिशेब कळला, बॅटरी खर्च झाली आणि बाई खोटं बोलल्या. हे खोटं सगळ्यात महत्त्वाचं. बाईंना मरणापेक्षा दुसऱ्यांवर ओझं होण्याची भीती जास्त आहे. पुढे त्यांना चक्कर येईल तेव्हा कारण कुणालाच माहीत नसेल. कथानकाचा एक धागा तुम्हाला फुकट मिळाला.

हेच काम उरलेल्यांबाबत करा. माझा नेहमीचा प्रश्न असतो: हे पात्र कशाला भितं, आणि त्या भीतीपायी त्याला काय दिसत नाही? दुसरा भाग लेखक विसरतात. भीती लक्ष एका जागी खिळवते आणि बाकीचं झाकून टाकते. तिच्यामुळे माणसं चुका करतात, पण त्या चुका त्यांना त्या घडीला शहाणपणाच्या वाटतात. 'मूर्ख पात्र' आणि 'घाबरलेलं पात्र' यांतला फरक हाच. मूर्ख पात्राची चूक वाचकाला लगेच दिसते. घाबरलेल्या पात्राच्या जागी वाचक स्वतः असता तर त्यानेही तेच केलं असतं.

तुमचा ड्रायव्हर बघा. रस्ता बंद होण्याची शक्यता आहे हे त्याला खालच्या थांब्यावर कुणीतरी सांगितलं होतं, असं तुम्ही दुसऱ्या प्रकरणात ओझरतं लिहिलंय आणि पुढे विसरून गेलात. मला ती कादंबरीची नाडी वाटते. या माणसाला थंडीपेक्षा दोषाची भीती असणार. म्हणून तो सारखं म्हणेल, "संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा होईल." खाणं वाटून घ्यायची गोष्ट निघाली की तो चिडेल, कारण वाटून घेणं म्हणजे अडकल्याची कबुली. आणि तो इंजिन चालू ठेवेल. प्रवासी कुडकुडताना दिसणं त्याला सोसवत नाही, कारण प्रत्येक कुडकुडणारा माणूस त्याच्या लेखी एक आरोप आहे. इकडे बर्फ साचून मागचा धुराडा बुजत चाललाय. बुजलेल्या धुराड्याची गाडी चालू ठेवली की कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. बसमधले लोक म्हणतील, दमलोय, विरळ हवा आहे. एका भीतीने, म्हणजे दिसणाऱ्या थंडीच्या आणि दोषाच्या भीतीने, न दिसणारा धोका झाकला. हे प्रकरण नीट लिहिलंत तर मारामारीची गरजच राहणार नाही.

माजी सैनिकाला निरुपयोगी ठरण्याची भीती द्या. पहिल्या दिवशी त्याचे हुकूम सगळ्यांना आधार वाटतील, दुसऱ्या दिवशी काम उरलं नाही तरी तो कामं काढत राहील, आणि तिसऱ्या दिवशी कुणालातरी विनाकारण बाहेर पाठवेल. कॉलेजातला मुलगा घरी वेगळंच सांगून निघालाय. मोबाइलला अर्धा मिनिट रेंज येते तेव्हा तो घरी संदेश पाठवायला कचरतो आणि रेंज जाते. तो वाईट मुलगा नाही. त्याला अजून बाबांची भीती वाटतेय, कारण बाबा ओळखीचे आहेत आणि मरण नाही. नव्या जोडप्यातल्या नवऱ्याचं तुम्ही बरोबर पकडलंय. बायकोला आपली भीती दिसू नये म्हणून तो बर्फात चालत निघतो. तिथे काही बदलू नका.

आता जनावर होण्याचा प्रश्न. मला ही कल्पना, म्हणजे संस्कृती हा पातळ मुलामा आणि खाली श्वापद, कंटाळवाणी वाटते, आणि ती फारशी खरीही नाही. एन्रिको क्वारंटेली या समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभर आपत्तीतल्या माणसांचा अभ्यास केला. सैरावैरा, दुसऱ्याला तुडवणारी पळापळ आपण समजतो त्यापेक्षा फार दुर्मीळ असते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. बहुतेक माणसं आपली भूमिका सोडत नाहीत. 1977 मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बेव्हर्ली हिल्स सपर क्लबला आग लागली, 165 माणसं गेली. त्या रात्री वाढप्यांनी आपापल्या टेबलांवरच्या पाहुण्यांना बाहेर काढलं. दुसऱ्याचं टेबल सहसा नाही, आपलं. भीतीतही कामाची वाटणी शाबूत होती. मला या तपशिलात कुठल्याही भाषणापेक्षा जास्त माणूस दिसतो.

लांबलेल्या संकटातही तेच. 1965 मध्ये प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटदेशाची सहा शाळकरी मुलं होडी भरकटून आटा नावाच्या निर्मनुष्य बेटावर पोचली आणि सुमारे पंधरा महिने राहिली. त्यांनी विस्तव विझू दिला नाही. भांडण झालं की भांडणाऱ्यांनी वेगवेगळ्या दिशांना जाऊन डोकं शांत करायचं, असा नियम केला. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून बरा केला. 1972 मध्ये अँडीज पर्वतात कोसळलेल्या उरुग्वेच्या विमानातले 45 पैकी 16 जण 72 दिवसांनी सुटले. मृतांचं मांस खाण्याचा निर्णय त्यांनी चर्चा करून, एकमेकांना आपली शरीरं देऊ करत घेतला. शोध थांबवल्याची बातमी त्यांनी छोट्या रेडिओवर ऐकली तेव्हा अडकलेल्यांतला एक, गुस्तावो निकोलिच, इतरांना म्हणाला की ही चांगली बातमी आहे, कारण आता आपल्यालाच बाहेर पडायचंय. वाट पाहण्यातली भीती माणसाला बसवून ठेवते. आशा तुटल्यावर त्यांचे पाय मोकळे झाले.

याचा अर्थ सगळे संत होतात असा नाही. माणसं बिघडतात, पण कथांमध्ये दाखवतात तशी भुकेने तिसऱ्या दिवशी नाही. अन्नावाचून माणूस काही आठवडे तग धरतो. चिलीच्या खाणीत 2010 मध्ये अडकलेले 33 कामगार पहिले 17 दिवस दर 48 तासांना दोन चमचे ट्यूना मासा वाटून घेत राहिले. भूक माणसाला बदलते ती हळू. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात एका प्रयोगासाठी 36 स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. तिथे जिवाची भीती नव्हती, तरी माणसं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटं चाटायची, क्षुल्लक गोष्टींवरून खेकसायची, मैत्रीतला रस हरवून बसायची. तुमच्या बसला तेवढा वेळच नाही.

तुमच्या तीन दिवसांत भांडणं होतील ती सगळी क्षुल्लक दिसणारी. लघवीला कुणीतरी दार उघडतं आणि ऊब जाते. कुणीतरी गुणगुणतं. खिडकीची जागा, पायांची जागा, एकाच माणसाचं घोरणं. मोठ्या भीतीवर बोलता येत नाही, म्हणून ती छोट्या गोष्टीवर निघते. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरचं एंड्युरन्स जहाज बर्फात चिरडल्यावर मोहिमेचा म्होरक्या शॅकल्टनने 28 जणांच्या तुकडीत हे ओळखलं होतं. कुरकुर करणारी, इतरांचा धीर खचवू शकणारी माणसं तो शक्य तेव्हा स्वतःजवळ ठेवायचा. छोट्या होडीतून मदत आणायला निघताना त्यातल्या दोघांना त्याने बरोबर घेतलं. मागे राहिले असते तर त्यांची भीती पसरली असती. सगळे 28 जण वाचले. तुमच्या बसमध्ये असं कोण आहे, जे दुसऱ्याची भीती शेजारी बसवून घेईल? मला शिक्षिकाबाई वाटतात, पण ते तुमच्यावर.

एवढं होऊनही हाणामारी हवीच असेल तर तिला जागा आहे. क्वारंटेलींच्या मांडणीत खरी पळापळ तेव्हा होते, जेव्हा सुटकेची वाट दिसतेय, ती बंद होत चाललीय आणि आपल्याला विचारणारं कुणी नाही असं माणसाला वाटतं. पूर्ण बंद दारापुढे माणूस शांत होतो. किलकिल्या दारापुढे तुडवातुडवी होते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी भूक आणू नका, बर्फावर चालणारी एक गाडी आणा. जागा पाच, माणसं नऊ, वारा वाढतोय, आणि परत फेरी होईल का यावर चालक नीट बोलत नाही. दोन दिवस बिस्किटं मोजून वाटणारी हीच माणसं त्या दहा मिनिटांत काय करतील ते लिहा. काही जण तरीही आपली भूमिका सोडणार नाहीत. कोण सोडतो हे वाचकाला आधी ओळखता आलं नाही तर उत्तम, पण मागे जाऊन वाचल्यावर पटलं पाहिजे. पटण्यासाठीच वर सांगितलेल्या त्या वेगवेगळ्या भीती लागतात.

पुढाऱ्याचं धीर देणारं भाषण (पाचवं प्रकरण, दीड पान) काढून टाका. थकलेली, थंडीने गारठलेली माणसं दीड पान ऐकत नाहीत.

दुसरा खर्डा करताना मी लेखकांना एक खटाटोप करायला लावते. भीती, घाबरणं, दचकणं, थरथरणं आणि त्यांचे सगळे भाऊबंद एका रंगाने अधोरेखित करा आणि ते शब्द झाकून परिच्छेद वाचा. पात्र घाबरलंय हे तरीही कळत असेल तर शब्दाची गरज नव्हती. कळत नसेल तर तिथे कृती नाही, आणि ती शोधावी लागेल. काही ठिकाणी साधं "तो घाबरला" हेच बरोबर असतं, विशेषतः जे पात्र कधीच कबूल करत नाही त्याने एकदा केलं तर. तो शब्द तेवढ्यासाठी राखून ठेवा. मी असते तर ड्रायव्हरला दिला असता, सातव्या प्रकरणात, धुराडा मोकळा करायला बाहेर पडून परत आल्यावर.